गढूळ पाण्यात दिवा कुठे धरावा

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आमोणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीपुढचे व्याख्यान म्हटले की संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा आरोग्य असा विषय असतो. मला मंडळाने फोन केला तेव्हा मी हेच सांगितले, की यातले मला काही येत नाही. त्यावर उत्तर आले, "मग तुझ्या कामातले सांग. लोकांना ऐकायला आवडते." माझे काम सरकारी. सिव्हिलचा डिप्लोमा करून नोकरीला लागलो. पुलांच्या तपासणीशी गेली काही वर्षे संबंध येतो आणि त्यातही पाण्याखालच्या भागाशी. मी स्वतः पाणबुड्या नव्हे. पाणबुडा खाली जातो, त्याच्या हातात कॅमेरा आणि एक दिवा असतो, आणि मी वर होडीत छत्रीखाली छोटा पडदा मांडीवर घेऊन बसतो. खाली तो काय पाहतो ते केबलमधून मला दिसते. म्हणजे दिसायला हवे. बहुतेक वेळा दिसत नाही. का दिसत नाही आणि दिसावे म्हणून काय करतात, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्यातली बरीच मुले आता तारकर्लीला नाहीतर ग्रांदी बेटाजवळ स्कूबाला जातात. परत आल्यावर मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात. त्यात मासा एक आणि पांढरे ठिपके हजार. कोणीतरी समोर उभे राहून अक्षता उधळतो आहे असे वाटते. मुले म्हणतात, कॅमेरा स्वस्तातला होता. कॅमेऱ्याचा यात दोष फार थोडा. दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला होता, दोष तिथे आहे. इंग्रजीत याला बॅकस्कॅटर म्हणतात. शब्दकोशात पश्चप्रकीर्णन असा दात पाडणारा शब्द आहे. मी आज सरळ 'उलटा उजेड' म्हणणार आहे. दिव्यातून निघालेला उजेड पाण्यातल्या कणांवर आपटून उलट आपल्याच भिंगात येतो, म्हणून.

जुन्या घरात कौलांमध्ये एक काचेचे कौल असायचे. दुपारी त्यातून कवडसा पडायचा आणि त्या झोतात धूळ नाचताना दिसायची. लहानपणी वाटायचे की धूळ त्या झोतातच आहे. खोलीभर तेवढीच धूळ असते. जिथे झोत आहे तिथली दिसते, बाजूच्या काळोखातली दिसत नाही. आजच्या सगळ्या विषयाची किल्ली या कवडशात आहे. पाण्यातली माती आपल्याला काढून टाकता येत नाही. पण भिंगासमोरचे पाणी काळोखात ठेवले आणि पलीकडची वस्तू तेवढी उजेडात आणली, तर माती असून नसल्यासारखी होते.

चोर्ला घाटात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्यांना हे आपोआप कळते. धुके आले की नवखा माणूस हेडलाईट वर करतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. जुना ड्रायव्हर उजेड खाली करतो. धुक्याचे दिवे गाडीला खाली, बंपरपाशी बसवतात तेही यासाठीच. उजेड ड्रायव्हरच्या नजरेच्या रेषेपासून जितका लांबून येईल तितके त्याच्या डोळ्यांसमोरचे धुके कमी उजळते.

आणि धुक्यापेक्षा जवळचे उदाहरण आपल्याच गावांत आहे. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला जाणारी माणसे इथे बसली असतील. हात वर करायला सांगत नाही. पेट्रोमॅक्स कोणाच्या हातात असायची? मासे धरणाऱ्याच्या हातात नव्हे. दुसरा कोणीतरी ती धरून बाजूला, दोन हात अंतरावर चालायचा. बत्तीच्या एका अंगाला पत्र्याचा तुकडा लावलेला असायचा, डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. पाण्याखाली कॅमेरा नेणाऱ्या लोकांनी पुढे दांड्या, सांधे आणि झाकणे काढली, किमती लावल्या, पण मूळ मांडणी त्या पत्र्याच्या तुकड्याची आहे.

आता आपल्या नदीकडे येऊ. आमोण्याच्या पुलावर उभे राहिले की एका बाजूला आपण, पलीकडे खांडोळा, आणि मध्ये मांडवी. पावसाळ्यात ती तांबडी असते हे कोणाला सांगायला नको. डिचोली-सत्तरीच्या लाल मातीतून येणारे पाणी दुसऱ्या कोणत्या रंगाचे असणार? खनिजाच्या बार्ज दिवसरात्र चालत तेव्हा त्यांच्या पंख्यांनी तळही ढवळला जाई. पण पावसाळा संपल्यावरही पाणी वरून निवळ दिसते म्हणून आत निवळ असते असे नाही. इथपर्यंत भरती येते. खारे पाणी खालून, गोडे पाणी वरून. चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की गोड्या पाण्यात ते तरंगतच राहतात. खारे पाणी मिळाले की ते एकमेकांना चिकटून त्यांच्या छोट्या गुठळ्या होतात. कॅमेऱ्यासमोर पडणारा बर्फ तो हाच. शिवाय जिथे खारे आणि गोडे पाणी मिसळत असते त्या थरात चित्र थरथरते, तापलेल्या डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते तसे. त्यावर दिव्याचा काही उपाय नाही. तो थर ओलांडून खाली जायचे किंवा भरती पूर्ण होईपर्यंत थांबायचे.

एवढा खटाटोप कशासाठी? ५ जुलै १९८६ या दिवशी पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. आमच्या पिढीला तो दिवस नीट आठवत नाही, पण नंतर फेरीबोटीसाठी धरलेल्या रांगांच्या गोष्टी घरोघरी ऐकल्या आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसटी गाड्या त्यात गेल्या. कोकणातल्या किती घरांवर तो घाला होता ते आपल्यातल्या अनेकांना नात्यागोत्यामुळे ठाऊक आहे. त्या गाड्या शोधायला नौदलाचे पाणबुडे आले होते. पुराच्या त्या पाण्यात उजेडाचा काही उपयोग नव्हता. क्रेनला मोठे लोहचुंबक लावून तळ चाचपावा लागला. आणि अगदी अलीकडे, ७ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल पडला. एक ट्रक नदीत गेला, चालक सुदैवाने वाचला. गोव्यातून कारवारला जाणारी आपली माणसे त्या पुलावरून कितीदा गेली असतील!

या तिन्ही घटनांची कारणे वेगवेगळी आहेत आणि ती सांगण्याचा अधिकार माझा नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की पुलाचा जो भाग आपण पाहतो तो रंगवलेला कठडा असतो. पाण्याखालचा खांब, त्याच्या पायाशी वाहून गेलेली माती, काँक्रीटला पडलेली भेग, उघडी पडून गंजलेली सळई, हे सगळे कोणीतरी खाली जाऊन पाहायचे असते. त्याची चित्रफीत कार्यालयात येते. ती पाहून वरचे अधिकारी ठरवतात, की दुरुस्ती यंदा करायची की पुढे ढकलायची.

इथे एक धोका आहे आणि तो मला सगळ्यांत मोठा वाटतो. चित्रफितीत पांढऱ्या ठिपक्यांशिवाय काही दिसत नसेल, तर अहवालात लिहायला दोन वाक्ये उपलब्ध असतात. एक, 'खांब दिसू शकला नाही.' दुसरे, 'दोष आढळला नाही.' दुसरे वाक्य लिहायला सोपे आहे, वाचायलाही बरे वाटते आणि तांत्रिकदृष्ट्या कोणी खोटे म्हणू शकत नाही. आढळला नाही हे खरेच असते. त्या दोन वाक्यांमधला फरक पुष्कळदा दिवा कुठे धरला होता एवढाच असतो.

भेग म्हणजे केवढी? काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात भेगेच्या रुंदीची साधारण मर्यादा ०.३ मिलिमीटर आहे. सतत दमट राहणाऱ्या किंवा मातीला लागून असलेल्या भागांसाठी ०.२, आणि जिथे परिस्थिती फार वाईट तिथे ०.१. डोक्याचा केस जवळजवळ तेवढ्याच जाडीचा असतो. भिंगाच्या अगदी पुढ्यात तरंगणारा मातीचा कण पडद्यावर वाटाण्याएवढा दिसतो. वाटाण्यांच्या पावसातून केस शोधायचा आहे.

आता दिव्याची जागा. फळ्यावर आकृती काढतो, छापील मजकुरात ती नसेल तर डोळ्यांसमोर आणा. समोर खांब. त्याच्यापासून ४० सेंटीमीटरवर कॅमेऱ्याचे भिंग. भिंगातून खांबाच्या मध्यापर्यंत एक सरळ रेघ काढा, ती कॅमेऱ्याची नजर. त्या रेघेवरचे ४० सेंटीमीटर पाणी आपल्याला जितके जमेल तितके काळोखात ठेवायचे आहे. त्यातही भिंगाजवळचे पाणी आधी, कारण जवळचा कण मोठा, धूसर आणि सगळ्यांत चकचकीत दिसतो.

बाजारात मिळणाऱ्या व्हिडिओच्या दिव्यावर १२० अंश असे लिहिलेले असते. तो आकडा हवेतला असला आणि दिव्याची काच सपाट असली, तर पाण्यात गेल्यावर झोत आकसतो आणि साधारण ८० अंश होतो. म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४०-४०. खरेदी करताना हे कोणी सांगत नाही.

पहिली मांडणी: दिवा भिंगाच्या वर ५ सेंटीमीटर, सरळ समोर रोखलेला. तारकर्लीचा व्हिडिओ तो हा. झोताची कड भिंगापुढे ६ सेंटीमीटरवर नजरेच्या रेघेला लागते आणि तिथून खांबापर्यंत सगळे पाणी उजळते. दिवा कॅमेऱ्याला चिकटून, म्हणजे जवळचे कण भरपूर उजेड खातात आणि तो थेट मागे फेकतात.

दुसरी मांडणी: दांडी लावून दिवा ४० सेंटीमीटर बाजूला नेला आणि, जे कोणीही स्वाभाविकपणे करील, त्याचे तोंड खांबाच्या मध्यावर वळवले. सुधारणा झाली, कारण उजेड आता आडवा येतो आणि कणावरून भिंगाकडे कमी परततो. पण हिशेब करून पाहा. दिवा ४५ अंशांत आत वळलेला, त्यात झोताचे ४० अंश मिळवा, आतली कड ८५ अंशांवर. ती भिंगाच्या पुढे अवघ्या साडेतीन सेंटीमीटरवरून जाते. दांडीचे पैसे गेले आणि जवळचे पाणी काळोखात राहिलेच नाही.

तिसरी मांडणी: दांडी तीच, जागा तीच. फक्त दिव्याचे तोंड २० अंश बाहेर, कॅमेऱ्यापासून दूर वळवायचे. आता आतली कड साधारण साडेअठरा सेंटीमीटरवर रेघेला लागते. भिंगापुढचे निम्म्याला थोडे कमी पाणी काळोखात गेले, आणि जवळचे, मोठे, त्रासदायक कण सगळे त्या काळोखात आहेत. खांबाचा मध्य मात्र अजून झोतातच आहे, झोताच्या मधोमध नव्हे, कडेकडे. झोताची कड वापरायची, पोट नाही. नव्या पाणबुड्याला हे पटवणे सर्वांत कठीण जाते. त्याला वाटते, ज्याचे चित्र घ्यायचे त्याच्यावर दिवा रोखायला नको का? मी त्याला सांगतो, आधी दिवा पूर्ण बाहेर वळव, पडदा काळा होऊ दे. मग हळूहळू आत आण. खांब दिसायला लागला की थांब. आणखी आत आणलेस तर पाऊस सुरू होईल. वर बसून मला पडद्यावर तो क्षण स्पष्ट कळतो. आमच्यात ठरलेले आहे, दोरीला दोन झटके म्हणजे 'बस, इथेच'.

दिवा भिंगाच्या रेषेच्या पुढे कधी जाऊ देऊ नये. उलट थोडा मागे असलेला बरा, म्हणजे त्याचा उजेड थेट काचेवर चढत नाही. आणि त्या पत्र्याच्या तुकड्याची आठवण ठेवा. दिव्याच्या आतल्या बाजूला काळ्या रबराचा पट्टा किंवा काळ्या पाइपचा तिरपा कापलेला तुकडा बसवला की झोताची आतली कड सुरीने कापल्यासारखी साफ होते. याला खर्च जवळजवळ शून्य.

याची किंमत उजेडात मोजावी लागते. दिवा ४० सेंटीमीटर बाजूला नेला की त्याच्यापासून खांबाचे अंतर साडेछप्पन सेंटीमीटर होते आणि खांबावरचा उजेड निम्म्यावर येतो. वरून गढूळ पाणी आणखी खाते ते वेगळेच. म्हणून लोक मोठा दिवा मागवतात. मोठ्या दिव्याने चुकीच्या जागेचा पाऊस फक्त अधिक पांढरा होतो. दिवा वाढवण्याआधी अंतर कमी करा. पाण्यात एक फुटापलीकडे दिसत नसेल तर भिंग खांबापासून १५ सेंटीमीटरवर न्या आणि दिवाही बाजूला १५-२० सेंटीमीटरवर आणा. प्रमाण तेच राहते, मधले पाणी कमी होते. एका चौकटीत खांबाचा छोटासा तुकडा दिसेल, चित्रीकरणाला चौपट वेळ लागेल. लागू दे.

मला कोणी विचारते, एकच दिवा का? दोन लावा की दोन बाजूंना. मोठ्या मोहिमांत लावतात. समुद्रातल्या जुन्या जहाजांचे अवशेष शोधणाऱ्यांना तशी सोय करता येते. आपल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्व विभागाने सुंची खडकाजवळच्या बुडालेल्या पोर्तुगीज काळातल्या जहाजाचे काम केले, तोफा, हस्तिदंत, चिनी मातीची भांडी वर आणली. त्यांच्या कामाविषयी खरे तर त्यांच्यापैकीच कोणालातरी पुढच्या वर्षी बोलवा. नदीत खांबाशी काम करणाऱ्याचा एक हात खांब किंवा दोरी धरण्यात जातो. दुसऱ्या हातात कॅमेरा. दोन दांड्या पाणवनस्पतीत, जुन्या जाळ्यात अडकतात. दोन दिवे म्हणजे उजळलेल्या पाण्याचे दोन झोत, हे तर आहेच.

पण माझे मत असे की खांबाच्या तपासणीला एकच दिवा हवा, परवडत असले तरी. दोन बाजूंनी सारखा उजेड पडला की सावली मरते, आणि भेग आपल्याला दिसते ती तिच्या सावलीमुळे. भिंतीचे गिलाव्याचे काम तपासताना गवंडी बल्ब भिंतीला लावून धरतो ते आठवा. समोरून सपाट दिसणारी भिंत आडव्या उजेडात खड्डे-टेंगळांनी भरलेली दिसते. उलटा उजेड टाळण्यासाठी बाजूला नेलेला दिवा हे दुसरे काम फुकटात करतो. इथे एक मेख आहे. दिवा उजवीकडे असेल तर उभी भेग सावली टाकते, आडवी टाकत नाही, कारण उजेड तिच्या लांबीनेच जातो. म्हणून प्रत्येक खांब दोनदा चित्रित करायचा, एकदा दिवा बाजूला ठेवून, एकदा वर ठेवून. एका पुलावर (नाव सांगत नाही) पहिल्या फेरीत काँक्रीटच्या दोन टप्प्यांमधला सांधा अगदी शाबूत वाटला होता. दिवा वर नेऊन दुसरी फेरी घेतली तेव्हा त्याच सांध्यात बोट जाईल अशी खाच वीतभर लांब दिसली. माती तीच, कॅमेरा तोच, तासाभराचे अंतर. दुसऱ्या फेरीचे पैसे निविदेत नसतात, ते असावेत असे मी दरवेळी लिहितो.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. दिवस भांगाचे निवडा, उधाणाचे नको. अष्टमीच्या सुमारास ओढ कमी, तळही कमी ढवळतो. भरती भरून पाणी स्थिरावते ती घटका सर्वांत चांगली, आणि ती फार थोडी असते, त्यामुळे जेवणाची सुट्टी तिच्यावर येऊ देऊ नये. खांबांवर कालवे बसलेले असतात, ते खरवडल्याशिवाय काँक्रीट दिसत नाही, आणि खरवडले की ढगच उठतो. म्हणून पाणबुड्याने तोंड प्रवाहाकडे ठेवावे आणि काम प्रवाहाच्या खालच्या अंगाने सुरू करून वर सरकत जावे. उठलेली माती मागे वाहून जाते. कॅमेऱ्याला आपोआप फोकस करू देऊ नका, तो कणावरच फोकस धरतो आणि मागेपुढे करत बसतो. अंतर ठरवून कुलूप लावा. संध्याकाळनंतर काम चालले असेल तर दिवा अधूनमधून विझवा. पहिल्या पावसात बल्बभोवती पंखवाले किडे जमतात तसेच पाण्यातले बारीक जीव दिव्यावर जमतात, आणि त्यांचाही पाऊसच दिसतो.

आणि जेव्हा पाणी इतके गढूळ की वीतभरही दिसत नाही, तेव्हा दिव्याची जागा बदलून भागत नाही हे मान्य करावे. तिथे एक जुनी, साधी युक्ती वापरतात. पारदर्शक ॲक्रिलिकची पेटी करायची, तिच्यात नळाचे स्वच्छ पाणी भरायचे, एक बाजू भिंगाला आणि दुसरी खांबाला टेकवायची. मधले गढूळ पाणीच हटवले. पेटीच्या कडेने दिवा आडवा आत सोडायचा. एका वेळी ताटाएवढा भाग दिसतो, पण आरशासारखा. पेटी जड होते, प्रवाहात धरणे कष्टाचे असते, पाणबुडे कुरकुरतात. ती कुरकुर योग्यच आहे.

चित्रफितीच्या सुरुवातीला मी एक पाटी दाखवायला लावतो. तिच्यावर खांबाचा क्रमांक, तारीख, भरतीची वेळ आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. पट्टी भिंगापासून लांब नेत जायची आणि ती दिसेनाशी झाली ते अंतर बोलून नोंदवायचे. मग कार्यालयात बसून पाहणाऱ्याला कळते, की त्या दिवशी किती दिसत होते, आणि 'आढळला नाही' हे शब्द किती वजनाचे आहेत.

व्याख्यानानंतर काही प्रश्न विचारले गेले, त्यांतले दोन इथे देतो.

एका महाविद्यालयीन मुलाने विचारले, धुक्याच्या दिव्यासारखा पिवळा दिवा वापरला तर? उपयोग नगण्य. मातीचे कण उजेडाच्या लहरींपेक्षा बरेच मोठे असतात, ते सगळे रंग जवळजवळ सारखेच फेकतात. रंग बदलण्यापेक्षा दांडी चार बोटे लांब करावी.

दुसरा प्रश्न मागे बसलेल्या एका काकूंचा. विसर्जनाच्या रात्री मिरवणुकीचा व्हिडिओ काढते तेव्हा रिमझिम पाऊस असला की पडद्यावर पांढरे गोळेच गोळे येतात आणि गणपती दिसत नाही, त्याचे काय करू? काकू, तुमच्या मोबाईलचा दिवा भिंगाच्या शेजारीच, बोटभर अंतरावर आहे. तो बंद करा. नातवाला बॅटरी देऊन डावीकडे तीन-चार पावलांवर, तुमच्यापेक्षा अर्धे पाऊल मागे उभे करा. बॅटरी थेट मूर्तीवर न रोखता किंचित पलीकडे रोखायला सांगा, म्हणजे झोताची तुमच्याकडची कड मूर्तीला लागेल आणि तुमच्या पुढ्यातला पाऊस काळोखात राहील. बॅटरीच्या तुमच्याकडच्या अंगाला नातवाने हाताचा तळवा आडवा धरावा.